घोड्यावरचा दाग आणि बोटावरची शाई

सातवीच्या वर्गात मध्ययुगीन हिंदुस्थानचा इतिहास शिकवताना आम्ही एकदा सहज सांगितले, की दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी फौजेतल्या घोड्यांवर तापलेल्या लोखंडाने खूण करवीत असे. या पद्धतीला 'दाग' म्हणत. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, चोरी घोडा करत होता का?" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. तास संपला तरी तो प्रश्न मात्र आमच्या मागे लागला. फारसी तवारिखांचे उर्दू तर्जुमे पुन्हा काढून बसलो तेव्हा ध्यानात आले, की त्या पोराने नकळत सहा-सातशे वर्षांच्या राज्यकारभाराचे मर्मच पकडले होते.

राजा कोणीही असो, खजिन्यात पैसा येतो तो रयतेच्या घामातून. मध्ययुगात त्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा फौजेवर खर्च होई. कागदावर दहा हजार स्वार आहेत म्हणून दहा हजारांचा पगार निघतो. पण मैदानात स्वार किती उभे राहतात? एकच घोडा दोघांच्या नावावर दोनदा दाखवता येतो. पाहणीच्या दिवशी अरबी घोडा आणायचा आणि दुसऱ्या दिवशी तो विकून तट्टू बांधायचे, हेही जमते. माणूसच भाड्याने आणता येतो. सरकारी पैसा खाण्याच्या या तीन जुन्या वाटा आहेत. आजच्या भाषेत त्यांना बोगस नोंद, निकृष्ट पुरवठा आणि खोटी हजेरी म्हणतात. नावे बदलली, वाटा त्याच राहिल्या.

अलाउद्दीनने (1296 ते 1316) या तिन्ही वाटा अडवण्याचा प्रयत्न केला. झियाउद्दीन बरनीच्या 'तारीख-ए-फिरोजशाही'त त्याची हकिकत येते. शिपायाला जहागीर न देता खजिन्यातून रोख पगार ठरवला. एका स्वाराला सालीना 234 टंके, आणि जादा घोडा बाळगणाऱ्यास आणखी 78. घोड्यावर दाग आणि शिपायाचा हुलिया, म्हणजे त्याचे रंगरूप, चेहऱ्यावरच्या खुणा यांची लेखी नोंद. आज आमच्या घरांत आई पोराला म्हणते, "ये क्या हुलिया बना रखा है?" तेव्हा ती दिवान-ए-अर्जच्या दफ्तरातलाच शब्द वापरत असते, हे तिला ठाऊक नसते.

एवढ्या पगारात शिपायाचे भागावे म्हणून सुलतानाने बाजारभावही बांधून दिले. गहू मणाला साडेसात जीतल, जव चार, तांदूळ पाच. घोड्यांचेही दर्जे लावून दर ठरवले. अव्वल घोड्याला 100 ते 120 टंके, दुय्यमाला 80 ते 90. आम्हाला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. बाजाराची खबर सुलतानाकडे तीन निरनिराळ्या मार्गांनी जाई. एक बाजारावरच्या शहन्याकडून, दुसरी बरीद म्हणजे खबर लिहिणाऱ्या अंमलदाराकडून आणि तिसरी गुप्त हेरांकडून. तिघांच्या अहवालांत फरक दिसला की शहन्याला जाब द्यावा लागे. ज्याने माल मोजला त्यानेच 'मोजमाप बरोबर आहे' अशी सही करायची नाही, हे आजच्या लेखापरीक्षणाचे पहिले सूत्र दिल्लीच्या धान्यबाजारात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमलात आले होते.

महसुलाच्या बाबतीतही तसेच. नायब वजीर शरफ काईनी याने गावच्या पटवाऱ्याची बही मागवून तिच्याशी वरच्या अंमलदारांचे हिशेब ताडून पाहिले आणि एकेक जीतल वसूल केला. बरनी म्हणतो, की हजारो कारकून तुरुंगात गेले आणि पुढे पुढे महसुली कारकुनाला कोणी मुलगी देईना. बरनी हे सुलतानाच्या मृत्यूनंतर चाळीसएक वर्षांनी लिहीत होता आणि रंग थोडे गडद भरण्याची त्याला सवय होती, हे खरे. शिक्षाही क्रूर होत्या. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शिवाय हे सारे एका माणसाच्या धाकावर उभे होते. 1316 मध्ये तो माणूस गेला आणि बाजारभावांची ती सारी व्यवस्था त्याच्याबरोबर गेली. धाकाने चालणारा हिशेब धाक असेतोवरच चालतो.

याच्या उलट टोक म्हणजे फिरोजशाह तुघलक (1351 ते 1388). स्वभावाने मवाळ, रयतेत लोकप्रिय. शम्स सिराज अफीफने त्याच्या काळचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. सालीना पाहणीची मुदत संपत आली होती आणि एक शिपाई आपल्या सोबत्यापाशी रडत होता. सुलतानाच्या कानावर त्याचे बोलणे गेले. विचारले तेव्हा कळले, की घोडा पास करून घ्यायला कारकुनाच्या हातावर काही ठेवावे लागते आणि याच्यापाशी ते नाही. किती लागेल? एक सोन्याचा टंका. सुलतानाने तो टंका स्वतः दिला. शिपायाने तो नेऊन कारकुनाला दिला, दाखला घेतला आणि परत येऊन सुलतानाचे आभार मानले.

अफीफ ही गोष्ट सुलतानाच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून सांगतो. आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हालाही ती गोडच वाटली होती. आता वाटते, सरकारी पैशाच्या इतिहासात याहून उदास गोष्ट क्वचितच असेल. राज्याच्या धन्यानेच आपल्या नोकराला द्यायची लाच आपल्या खिशातून भरली. शिपायाची अडचण सुटली. कारकुनाला कोणी बोलावले नाही. त्या एका टंक्याने पुढच्या शंभर शिपायांचा दर पक्का केला असेल, हा विचार ना सुलतानाच्या मनात आला ना इतिहासकाराच्या.

शेरशाह सूरीने (1540 ते 1545) दाग पुन्हा सुरू केला. अमीर लोक नेमणुकीच्या वेळी उसने स्वार दाखवतात आणि जहागीर हातात पडताच त्यांना रजा देतात, हे त्याने स्वतः पाहिले होते. अब्बास खान सरवानी लिहितो, की त्याच्या अमलात नोंदीखेरीज कोणालाच पगार मिळत नसे, महालातल्या झाडूवाल्यांनाही नाही. मग अकबराने 1573-74 च्या सुमारास दाग सक्तीचा केला. गुजरातचा सुभेदार मिर्झा अजीज कोका हा अकबराचा दूधभाऊ. त्यानेच या पद्धतीला उघड विरोध केला आणि त्याला आग्र्यात स्वतःच्या बागेत नजरकैदेत बसावे लागले. हिशेब मागितला की सर्वांत आधी जवळचीच माणसे रुसतात, हा अनुभव बादशहालाही चुकला नाही.

पण सक्तीने काय साधले? मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी अकबराचा कठोर टीकाकार होता, त्यामुळे त्याचे लिहिणे तोलूनच घ्यावे लागते. तरी दागाबद्दल त्याने जे लिहिले ते बारकाव्यांनिशी लिहिले आहे. अमीर आपल्या घरच्या नोकरांना शिपायांचे कपडे चढवून पाहणीला उभे करीत. विणकर, पिंजारी, सुतार, वाणी उसन्या घोड्यांवर बसून येत, दाग मारून घेत आणि चार दिवसांत घोड्याचा पत्ता नसे. बादशहाने अशा काहींना कपड्यांसकट तराजूत घालून तोलले. चौकशीत माणसे भाड्याची आणि खोगिरे उसनी निघाली. तेव्हा तो म्हणाला म्हणे, की मी हे डोळे उघडे ठेवूनच देतो आहे. यांना पोट आहे. बदायुनीने हे उपहासाने नोंदवले असेल. आम्हाला त्यात थकलेल्या मालकाचा सूर ऐकू येतो.

शाहजहानच्या काळात तर हा थकवा नियम होऊन बसला. मनसबदाराच्या दर्जात स्वारांचा जो आकडा लिहिलेला असे, तेवढे स्वार आणण्याची अपेक्षाच सोडून देण्यात आली. जहागीर असेल त्याच सुभ्यात नोकरी असेल तर एकतृतीयांश, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एकचतुर्थांश, आणि बल्ख-बदख्शांच्या मोहिमेसाठी (1646) एकपंचमांश स्वार आणले तरी पुरे झाले. जहागिरीचे प्रत्यक्ष उत्पन्न कागदावरच्या आकड्याहून कमी पडत असे, हे त्याचे रास्त कारण होतेच. पण वसूलही कागदी आणि फौजही कागदी, असा दोन खोट्या आकड्यांचा तो समझोता होता.

आपल्या दख्खनच्या मातीत याच रोगावर वेगळा उपाय झाला. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची जी व्यवस्था येते, तिच्यात पागेचे घोडे सरकारचेच. बारगीर फक्त त्यावर बसणारा. घोडाच सरकारी, म्हणजे उसन्या घोड्याचा प्रश्न बराचसा मुळातच मिटला. दसऱ्यानंतर लष्कर मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी होई. परत येताना सरहद्दीवर झडती होऊन यादीशी ताळा पाहिला जाई आणि जादा निघेल ते सरकारजमा होई किंवा पगारात वळते होई. गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तेही वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकट्याच्या मर्जीने गड फितूर होऊ नये आणि एकट्याच्या लेखणीने कोठार रिकामे होऊ नये. अलाउद्दीनच्या तीन खबरा आणि महाराजांचे तीन अधिकारी यांच्यामागे विचार एकच आहे. एकाच्या लेखणीवर दुसऱ्याची नजर हवी.

इथे थोडे शब्दांविषयी. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठी शिकवताना आम्हाला एक सोय नेहमी सापडते. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, तपशील, रक्कम, दफ्तर, हजेरी हे शब्द मुलांना शिकवावे लागत नाहीत, ते घरूनच घेऊन येतात. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत, की चिटणीस आणि पोतनीस ही आडनावेच झाली. एका शब्दापाशी मात्र मुले अडखळतात. उर्दूत 'अफरातफरी' म्हणजे गोंधळ, पळापळ. मराठीत 'अफरातफर' म्हणजे सरकारी पैसा खाणे. मूळ एकच, 'इफरात व तफरीत', म्हणजे कमीजास्त करणे. जिथे हिशेबात गोंधळ तिथे पैसा खाल्ला गेलाच, हे मराठी माणसाने एका शब्दात सांगून ठेवले आहे.

आता आम्हाला एक कबुली द्यायची आहे. इतिहासाच्या आडोशाने ती टाळता आली असती.

3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत महाराष्ट्र शासनाने राज्यभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी केली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात अशी तपासणी होऊन मोठ्या संख्येने खोटी नावे उघड झाली होती. पटावरच्या नावावर काय काय चालते, हे शिक्षकाला सांगायला नको. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शालेय पोषण आहाराचा रोजचा शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. त्याखेरीज पुस्तके आणि गणवेश. आणि पुरेशी नावे जमली की एक तुकडी, तुकडीमागे शिक्षकाचे पद, पदामागे पगार. कागदावरचा स्वार जसा खजिन्यातून पगार खाई, तसे कागदावरचे पोर तांदूळ खाते आणि पगारही खाते.

त्या वर्षी आम्ही नुकतेच बी.एड. होऊन शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. त्या शाळेचे नाव इथे घेत नाही; तशा शाळा सर्व माध्यमांत होत्या. यंत्रमागाच्या त्या गावात आमच्या वर्गाच्या पटावर अशी काही नावे होती, ज्यांचे मालक मागावर बसले होते, बापाबरोबर सुरतेला गेले होते किंवा दुसऱ्या शाळेत शिकत होते. पडताळणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या मोहल्ल्यांतून काही मुले आणली गेली. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली आणि तिच्यावरचे नाव पाठ करायला सांगितले. उजळणी घेण्याचे काम आमच्याकडे आले. ते आम्ही केले. तुकडी गेली असती तर सर्वांत आधी अतिरिक्त ठरणारे आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी पथक आले. नावे पुकारली गेली. आमच्याकडे आणलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आपले उसने नाव विसरला आणि गप्प राहिला. आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो दचकून उभा राहिला आणि "हाजिर" म्हणाला. मग इतर मुलांसारखी त्याच्याही बोटाला शाई लागली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून ती शाई होती. हेतू चांगलाच होता. पण शाईने बोट मोजले, नाव मोजले नाही. दाग उसन्या घोड्यावर बसला होता, तसाच.

शाळा सुटल्यावर तो मुलगा नळावर बोट घासत होता. शाई निघत नव्हती. त्याची आई विचारेल म्हणून तो घाबरला असावा. आम्ही जवळून गेलो, थांबलो नाही.

त्या पडताळणीत राज्यभर सुमारे वीस लाख मुले जागेवर आढळली नाहीत. ती सगळीच खोटी होती असे कोणी म्हणू नये. त्यांत आजारी, गावाला गेलेली, कामावर गेलेलीही असणार. म्हणूनच निम्म्याहून अधिक मुले गैरहजर आढळलेल्या 1404 शाळांकडे विशेष लक्ष वेधले गेले. कारवाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि वर्षानुवर्षे चालला. पुढे पट आधार क्रमांकाशी जोडला गेला. उद्या आणखी काही येईल. दागापासून आधारापर्यंत प्रत्येक राज्यकर्त्याने एक नवी खूण शोधली आहे, आणि दर वेळी ती खूण मोजल्या जाणाऱ्यावर उमटली आहे. कधी घोड्याच्या अंगावर, कधी शिपायाच्या चेहऱ्याच्या वर्णनात, कधी पोराच्या बोटावर. ज्याच्या लेखणीने खोटे नाव लिहिले, त्याच्या बोटाला शाई लागत नाही. आमच्याही लागली नाही.

मग उपाय काय? बादशहाचा धाक नको आणि सुलतानाचा टंकाही नको. आम्हाला वाटते, जुन्या पद्धतींत एक नजर कधीच नव्हती. ज्यांच्या घामातून खजिना भरतो आणि ज्यांच्या नावाने तो रिता होतो, त्या रयतेची नजर. पटवाऱ्याची बही नायब वजीर पाहू शकत होता. गावचा शेतकरी पाहू शकत नव्हता. तो हक्क आपल्याला फार उशिरा मिळाला. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा 2002 साली आला, देशाचा 2005 साली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक बसवले आणि अनुदान कसे खर्च होते यावर देखरेख करण्याचे काम त्यांना दिले. 2012 च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती केवळ सल्ला देण्यापुरती राहिली, आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अशा शाळांना तो कायदाच लागू होत नाही असा निर्णय दिला. आपल्या संस्था आपण चालवाव्यात, हा घटनेने दिलेला हक्क मोलाचा आहे. पण सरकारी अनुदान घेताना तो हक्क हिशेब झाकण्याची चादर होऊ लागला, तर नुकसान कोणाचे? ते मंत्रालयाचे होत नाही. ज्या पोराच्या नावाचा तांदूळ उचलला गेला आणि जे पोर मागावर बसले, त्याचे ते नुकसान. पटावर ते हजर असते, म्हणून त्याला शोधायला कोणी जात नाही. खोट्या हजेरीतली सर्वांत मोठी चोरी हीच आहे. तांदूळ पुन्हा येईल; शाळेतून सुटलेले मूल कोणाच्या मोजदादीत राहत नाही.

आज आम्ही ज्या शाळेत आहोत, तिथे गेली काही वर्षे आमच्या वर्गापुरता एक रिवाज ठेवला आहे. महिन्यातून एकदा पालकांना, विशेषतः आयांना बोलावतो आणि पट मोठ्याने वाचतो. तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, तेही वाचतो. पहिल्या खेपेला आया लाजत होत्या. नंतर एकीने सांगितले, "सर, ये बच्चा तो छे महीने से कारखाने जाता है." त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो परत आला. दुसऱ्या दोघांसाठी गेलो, ते गाव सोडून गेले होते. त्यांची नावे तारीख घालून, सही करून पटावरून कमी केली.

याची किंमत द्यावी लागते, हेही लपवत नाही. पट खरा झाला तसा कमी झाला, एक तुकडी गेली, आणि एक सहकारी अतिरिक्त ठरून दुसऱ्या गावी गेले. चांगले शिक्षक होते. ते आता आमच्याशी बोलत नाहीत. सुभेदाराने बागेत बसून काय विचार केला असेल, याची आम्हाला थोडी कल्पना आली आहे. संस्थेतले काही बुजुर्ग म्हणतात, "इमानदारी अपनी जगह है, मगर उर्दू के मदरसे वैसे ही बंद हो रहे हैं." त्यांचे दुःख खरे आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की खोट्या नावांनी उर्दूची तुकडी वाचेल, उर्दू वाचणार नाही.

त्या मुलाचा प्रश्न आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा काढला. सांगितले, "नाही बेटा, चोरी घोडा करत नव्हता." तो म्हणाला, "मग दाग त्यालाच का?" आम्ही फळ्यावर तारीख घातली, पट उघडला आणि हजेरी घेतली. एकेकाच्या तोंडाकडे पाहून.